आजोबांची बंदूक चकाचक करायच्या आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. आजोबा गेले, कपाटाच्या वरून लांबट चामडी कव्हर निघालं, त्यात त्यांची दोनाळी बंदूक. नळ्यांवर तांबूस गंज, दस्त्याला मुठीजवळ चीर, एका बाजूचा घोडा थोडा सैल. बाबा म्हणतात मस्त पॉलिश करून भिंतीवर लावू, आत्या म्हणते ती ब्याद घरात नको, विकून टाका, आणि विचारणाऱ्या नातवाला ती एकदा तरी चालवून बघायचीय. तिघांनाही उत्तर देतो पण माझ्या क्रमाने, कारण जुन्या बंदुका दुरुस्त करण्यातच माझं आयुष्य गेलंय आणि लोक नेमकं उलटं करतात, आधी घासून काढतात आणि मग विचारायला येतात.

पहिलं म्हणजे ती भरलेलीच आहे असं समजून हात लावा. "अहो चाळीस वर्षं कोणी शिवलं नाही तिला" हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलंय, पण कोणी शिवलं नाही म्हणजेच कोणी रिकामीही केली नाही ना. दोनाळी मधून मोडून उघडते त्यामुळे मागून बघता तरी येतं. नातेवाइकांत कुणाकडे ठासणीची असेल तर तिथे ती सोयच नाही, आणि काळी दारू (साधारण ७५ टक्के सोरा, १५ टक्के कोळसा, १० टक्के गंधक) कोरडी राहिली तर शंभर वर्षांनीही तशीच पेटते. संग्रहालयांतल्या बंदुकासुद्धा भरलेल्या निघाल्यात. तपासायची रीत सोपी आहे, बारीक लाकडी काठी घ्यायची, लोखंडी नाही, तोंड आपल्याकडे किंवा दुसऱ्या कुणाकडे न रोखता हलकेच आत सोडायची, थांबली की तोंडापाशी पेन्सिलने खूण करायची आणि मग तीच काठी बाहेरून नळीच्या कडेला धरून बघायची. टोक पार मागे कानापर्यंत, म्हणजे आग आत जायचं ते बारीक भोक असतं तिथपर्यंत, पोचलं तर रिकामी. दोन-तीन बोटं अलीकडेच अडलं तर आत काहीतरी आहे, आणि ते तुम्ही काढायचं नाही, जाणकार माणसाने काढायचं. कव्हरच्या खिशात जुनी काडतुसं सापडली, पितळेला हिरवं चढलंय, तर तीही आठवण म्हणून शोकेसमध्ये ठेवू नका, पोलिसांना कळवा आणि ते सांगतील तसं जमा करा.

दुसरं कागद. हा भाग कंटाळवाणा आहे म्हणून पटकन. बहुतेक देशांत बंदूक वारशाने येते, लायसन्स येत नाही, ते ज्याच्या नावावर होतं त्याच्याबरोबरच संपतं. म्हणजे बंदूक माझ्यासारख्याकडे दाखवायला गाडीत टाकून आणणं हाही गुन्हा होऊ शकतो. आधी अधिकाऱ्यांना कळवा, मग हलवा. आणि परदेशी व्हिडिओ बघून "जुनी आहे, लायसन्स लागत नाही" असं ठरवून मोकळे होऊ नका. अमेरिकेत १९६८ च्या कायद्याप्रमाणे १८९८ किंवा त्याआधी बनलेलं हत्यार अँटिक धरतात खरं, पण तो नियम तिथला, सीमा ओलांडली की तो आकडा कामाचा नाही. आपल्याला ती किती जुनी वाटते याच्याशी कायद्याला काही देणंघेणं नसतं.

आता मुद्द्याचं. बाबांना सांगा की पॉलिश नको. म्हणजे आत्ता तर नकोच, आणि माझं ऐकाल तर कधीच नको. कारण जी आठवण तुम्हाला जपायचीय ती पोलादाच्या आत नसते, वरच्या थरात असते, आणि पॉलिशवाला सगळ्यात आधी तोच थर काढतो. बंदूक नीट उजेडात, खिडकीजवळ धरा, ट्यूबलाइटखाली नाही. नळ्यांवरचा काळसर-निळा रंग (ब्लूइंग म्हणतात, तोही एक प्रकारचा गंजच आहे, फक्त माणसाने ठरवून आणलेला) सगळीकडे सारखा उडालेला नसतो. बिजागरीच्या जरा पुढे, जिथे एका हातात धरली की वजन बरोबर तोलतं, तिथे तो पट्ट्यासारखा गेलेला असेल आणि खालचं पोलाद राखाडी दिसत असेल. तो आजोबांचा हात आहे. वर्षानुवर्षं ती तिथे धरून माणूस चाललाय. पट्टा एका बाजूला जास्त गेलेला असेल तर कुठल्या हातात धरायचे तेही कळतं. सेफ्टीच्या बटणावरची बारीक जाळी अंगठ्याने गुळगुळीत झालेली असते, दस्त्यावर गाल टेकतो तिथे लाकूड जास्त चमकतं आणि रंगाने गडद होतं. दोन चाप असलेल्या दोनाळीत पुढचा चाप बहुधा उजव्या नळीचा, माणूस पहिला बार त्याच नळीचा काढतो, म्हणून उजवी नळी आतून जास्त खाल्लेली आणि डावी त्या मानाने बरी, हेही नेहमी दिसतं.

मग दस्ता. बंदूक उलटी धरून मागून दस्त्याच्या रेषेत बघा, तो नळ्यांच्या सरळ रेषेत नसून थोडा उजवीकडे झुकलेला असेल तर उजव्या खांद्याच्या माणसासाठी केलेला, डावीकडे तर डावखुऱ्यासाठी. (उलटी धरल्यावर उजवं-डावं फसवतं, बंदूक सुलटी असताना कुठल्या बाजूला झुकते ते धरा.) मागचा तळ कापून आखूड केलाय का, की रबराचा किंवा लाकडाचा तुकडा जोडून लांब केलाय, तेही बघा. आखूड केलेला दस्ता म्हणजे कुणीतरी लहान चणीच्या माणसाने, बऱ्याचदा घरातल्या बाईने किंवा शिकणाऱ्या पोराने, ती वापरली. घरात कुणालाच माहीत नसलेली गोष्ट अशी निघते. "आजी पण चालवायची?" असं म्हणून लोक माझ्यासमोर एकमेकांच्या तोंडाकडे बघत बसलेत.

दस्त्याच्या मागची पट्टी काढून आत बघणं हे काम मात्र जाणकाराकडूनच करून घ्या, कारण स्क्रूच्या खाचा फार बारीक असतात, घरातला स्क्रूड्रायव्हर लावला की खाच फाटते आणि ती जखम कायमची दिसते. चांगल्या बंदुकीत स्क्रूवर नक्षी असते आणि सगळ्या खाचा एकाच दिशेला जुळवलेल्या असतात, त्यातली एक जरी वाकडी दिसली तरी समजायचं की मध्ये कुणीतरी उघडलीय. पण आत बघण्यासारखं असतं हे नक्की. स्विस सैन्याच्या के ३१ रायफलींच्या पट्टीखाली बऱ्याचदा ज्या सैनिकाला ती दिलेली त्याच्या नावाची आणि पलटणीची कागदी चिठ्ठी निघते, त्यासाठी लोक मुद्दाम ती पट्टी उघडतात. खाजगी बंदुकीत चिठ्ठी मिळेलच असं नाही, पण लाकडावर पेन्सिलने लिहिलेला आकडा, सुताराची सही, जुन्या दुरुस्तीची तारीख असलं काही ना काही मिळतं.

रिस्टोअर करण्याच्या हौसेत काय जातं याचं सगळ्यात बोलकं उदाहरण म्हणजे जपानी सैन्याची अरिसाका रायफल. दुसऱ्या महायुद्धात जपानने शरणागती पत्करली तेव्हा त्यातल्या पुष्कळ रायफलींवरचं शाही शेवंतीचं चिन्ह घासून काढलेलं, आणि अमेरिकी सैनिकांनी त्या तशाच घरी नेल्या. आता नातवंडं येतात की हे फूल पुन्हा कोरून द्या, पूर्ण दिसू दे. अरे बाबा, ते घासलेलं फूल हाच तर इतिहास आहे, नवीन कोरलं की राहील ती फक्त नक्कल. तसंच युद्धानंतर लोकांनी स्वस्तात मिळालेल्या लष्करी रायफली घेऊन पुढचं लाकूड करवतीने कापून शिकारीला हलक्या केल्या. संग्राहक त्यांना नाकं मुरडतात. पण ती करवत तुमच्या आजोबांनी चालवली असेल तर तुमच्यासाठी तो कापच खरा, मूळ लाकूड शोधून बसवण्यात काय अर्थ आहे?

आता ठसे. दोनाळीच्या नळ्या वेगळ्या काढून उलट्या केल्या की मागच्या सपाट भागावर बारीक ठसे दिसतात, ते प्रूफचे, म्हणजे जास्तीचा बार भरून नळी तपासल्याची खूण. लंडनच्या गनमेकर्स कंपनीला सनद मिळाली ती सतराव्या शतकात, बर्मिंगहॅमचं प्रूफ हाऊस १८१३ चं, बेल्जियममधल्या लिएजचा ठसा म्हणजे लंबगोलात ई एल जी. मुकुटाखाली एन पी दिसलं तर ती धूरविरहित दारूला तपासलेली. मुकुटाखाली बी एन पी असेल तर बर्मिंगहॅमची १९५४ च्या नियमांनंतरची तपासणी. "नॉट फॉर बॉल" असे इंग्रजी शब्द असतील तर १८७५ ते १८८७ च्या दरम्यानची ब्रिटिश नळी, तोंडाशी चोक असलेली, म्हणजे तिथे जरा अरुंद केलेली, हिच्यातून गोळी मारू नका असा त्याचा अर्थ. सगळ्या ठशांचे फोटो काढा, तिरका उजेड टाकून, खडूची पूड किंवा रंग भरू नका.

आणि इथेच घरात भांडणं होतात. कारण घरची कहाणी असते की ही पणजोबांनी पहिल्या महायुद्धात वापरली, आणि ठसा म्हणतो १९५४ नंतर. मी आता लगेच "तुमची कहाणी खोटी" असं म्हणत नाही. एकतर नळी जुनी असून पुन्हा तपासून घेतलेली असू शकते, त्याचा वेगळा ठसा असतो, इंग्लंडच्या बाबतीत मुकुटाखाली आर. ठसा सांगतो नळी कधी तपासली, कधी बनली ते नाही. दुसरं म्हणजे पणजोबांची बंदूक खरंच होती पण मध्ये कधीतरी बदलून ही आली आणि कहाणी मात्र तशीच हिला चिकटली, हे तर सर्रास होतं. म्हणून दोन्ही वेगवेगळं लिहा, बंदूक काय सांगते ते एका पानावर, माणसं काय सांगतात ते दुसऱ्या पानावर, कोणी सांगितलं आणि कधी सांगितलं तेही. एकाला खरं करायला दुसरं खोडायचं नाही. जुना फोटो असेल ज्यात आजोबांच्या खांद्याला बंदूक आहे तर तो मोठा करून बघा, घोडे बाहेर दिसतात की आतले आहेत, चाप एक की दोन, पट्ट्याचं कडं कुठे आहे. फोटोतली आणि हातातली एकच आहे का हे पाच मिनिटांत कळतं.

नंबर दिसत असेल तर बनवणाऱ्याला पत्र टाका. पर्डी, हॉलंड अँड हॉलंड असल्या घराण्यांच्या वह्यांमध्ये कुठली बंदूक कुणासाठी, किती लांबीच्या नळ्यांची बनवली ते लिहिलेलं असतं. कोल्ट आणि स्मिथ अँड वेसन जुन्या नोंदी बघून फी घेऊन पत्र देतात, विंचेस्टरच्या जुन्या नोंदी अमेरिकेत वायोमिंगमधल्या कोडीच्या म्युझियमकडे आहेत, सगळ्या नंबरांच्या नाहीत पण पुष्कळ. अर्थात बहुतेक घरांतल्या बंदुका साध्या असतात, लिएज, फ्रान्समधल्या सेंत एतिएन किंवा स्पेनमधल्या एइबारच्या कुठल्या तरी कारागिराने बनवलेल्या, वर भलतंच भारदस्त इंग्रजी नाव कोरलेल्या. त्यांच्या वह्या मिळत नाहीत. त्याने काही बिघडत नाही, तुम्हाला घरची बंदूक हवीय, लिलावातली नाही.

नातवाचा प्रश्न, चालवून बघू का. नको. निदान जाणकाराने नळ्या आतून मोजेपर्यंत अजिबात नको, आणि का ते नीट समजून घ्या. जुन्या बारा बोअरची काडतूस बसायची जागा बऱ्याचदा ६५ मिमी असते, आजचं काडतूस ७० चं. गंमत अशी की ७० चं काडतूस त्यात आरामात बसतं आणि बंदूक व्यवस्थित मिटते, कारण तो आकडा उडाल्यानंतरच्या लांबीचा असतो, आधी तोंड दुमडलेलं असतं म्हणून ते आखूड दिसतं. उडाल्यावर दुमड उघडते, ती नळीच्या अरुंद भागात शिरते आणि दाब एकदम वाढतो. "बसतंय की" म्हणून लोक फसतात ते इथे. नळ्यांवर पाण्याच्या लाटांसारखी नक्षी दिसत असेल तर ती दमास्कस, लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या पिळून, दांड्यावर गुंडाळून, तापवून ठोकून जोडलेली. दिसायला तिच्याइतकं सुंदर काही नाही, पण ती प्रत्येक वळणावर सांधलेली आहे, आणि त्या सांध्यांमध्ये आत काय गंजलंय ते डोळ्याला दिसत नाही. आधीच्या कुणीतरी आतला गंज घासून नळी चकचकीत केली असेल तर भिंत तेवढी पातळ झाली. इंग्लंडमध्ये ठशावरच्या मापापेक्षा आतला व्यास एका इंचाच्या शंभराव्या भागाइतका, म्हणजे पाव मिमी, जास्त झाला की ती नळी प्रूफबाहेर धरतात. पाव मिलिमीटर, बस. रिव्हॉल्वरवाल्यांसाठी जाता जाता, .४५५ च्या वेब्ली, म्हणजे जुन्या ब्रिटिश रिव्हॉल्वर, पुढे पुष्कळ ठिकाणी सिलिंडर मागून तासून .४५ एसीपी च्या गोळीला चालतील अशा केल्या, ती गोळी बसते, पण तिचा दाब त्या सिलिंडरला जास्त आहे. ज्याला आजोबांचा बार ऐकायचाच आहे त्याने रेंजवर दुसरी बंदूक चालवावी.

सफाई किती करायची? थांबवण्यापुरती. लाल, बोटाला लागणारा, भुसभुशीत गंज जिवंत असतो, तो वाढतो, तेवढाच काढायचा. हलकं तेल लावून एक-दोन दिवस ठेवायचं आणि अगदी बारीक कांस्य लोकर घेऊन फक्त त्या डागावर, हाताचा जोर न लावता. काळपट, घट्ट बसलेला थर तसाच राहू द्या. गंज काढायची केमिकलं, व्हिनेगर, लिंबू, टूथपेस्ट, घरगुती उपाय सगळे बाद, ते गंजाबरोबर ब्लूइंगही खातात. नळीच्या आत एक वेगळं प्रकरण असतं, जुन्या काडतुसांच्या टोपीत पोटॅशियम क्लोरेट असायचं, ते जळून मागे क्षार राहतो, जवळजवळ मिठासारखाच, हवेतली ओल ओढतो. तेलाने तो विरघळत नाही, कितीही तेल पाजा. पाणीच लागतं, ओल्या चिंध्या, मग लगेच कोरड्या, मग तेल, आणि तेही नळ्या दस्त्यापासून वेगळ्या काढून. लाकडाला सॅंडपेपर लावायचा नाही, लावला की गालाची चमक गेली, दस्त्यावर कोरलेल्या जाळीच्या कडा गेल्या आणि लाकूड लोखंडाच्या खाली बसलं. शेवटी मायक्रोक्रिस्टलाइन मेणाचा पातळ हात, संग्रहालयवाले वापरतात ते, हे मेण ब्रिटिश म्युझियमच्या प्रयोगशाळेत १९५० च्या दशकात तयार झालं. हातमोजे घाला, घामातल्या मिठाचे बोटांचे ठसे काही दिवसांत गंजून वर येतात, मग म्हणता आमच्याकडे आल्यावर खराब झाली.

चामडी कव्हर जपा, पण बंदूक त्यात ठेवू नका. चामड्यात ओल मुरते आणि कातडं कमावतानाची आम्लं असतात, तुमच्या नळ्यांवरचा गंज बहुधा तिथूनच आलाय. भिंतही नको. भिंत ओल धरते, उन्हाने लोखंडावरचे निळे-तपकिरी रंग फिके पडतात, चोराला आयतं दिसतं आणि पोरांचा हात पोचतो. बाबांना समजवा की भिंतीवर फोटो लावू, आजोबा आणि बंदूक दोघं दिसतील असा, बंदूक कुलपात, कोरड्या जागी, जमलं तर तोंड खाली करून ठेवू म्हणजे तेल उतरून दस्त्यात मुरणार नाही.

आता आत्या. तुम्ही तिला प्रश्नात विरोधक म्हणून लिहिलंय, पण मला विचाराल तर सगळ्यात आधी तिच्याशी बोला. माझ्याकडे बंदूक घेऊन येणाऱ्या घरांत एक माणूस असा असतोच ज्याला ती नको असते, आणि बहुतेक वेळा त्याला काहीतरी माहीत असतं किंवा आठवत असतं जे बाकीच्यांनी कधी विचारलं नाही. कधी कुणाला लागलेलं असतं, कधी घरात दारू पिऊन कुणीतरी ती काढलेली असते, कधी नुसतं एवढंच की लहानपणी त्या आवाजाची भीती वाटायची आणि कुणी जवळ घेतलं नाही. तीही त्याच बंदुकीची आठवण आहे, आणि शिकारीच्या किश्श्यापेक्षा बहुधा जास्त खरी. तिची परवानगी घेऊन फोन रेकॉर्डिंगवर टाका, मध्ये बोलू नका, दुरुस्ती सुचवू नका. तिला सांगायचं नसेल तर सोडून द्या.

आणि हे ऐकून झाल्यावर विकायचीच ठरली तर विका, त्यात आजोबांचा अपमान वगैरे काही नाही. फक्त एक लक्षात ठेवा, विकत घेणारा किश्शाला पैसे देत नाही, कागदाला देतो, त्यामुळे पावती, जुनं लायसन्स, फोटो यांच्या कॉपी द्या आणि मूळ शक्यतो घरात ठेवा. निकामी करून, म्हणजे वेल्डिंग वगैरे करून ठेवण्याचा पर्याय काही देशांत लायसन्स नसताना एवढाच उरतो, पण तो परत फिरवता येत नाही, म्हणून घाईत नको. म्युझियमला द्यायची तर आधी विचारा, साध्या बंदुका ते सहसा घेत नाहीत, पण बरोबर लिहिलेली माहिती आणि फोटो असतील तर स्थानिक म्युझियमवाले निदान बघतात तरी.

राहिली चीर आणि सैल घोडा. घोडा सैल म्हणजे बहुधा मधला स्क्रू किंवा चौकोनी भोक झिजलंय, काम छोटं आहे, घाई नाही. चीर मात्र वाढते. त्यात स्वतः फेविकॉल किंवा सुपरग्लू ओतू नका, तिथलं लाकूड तेलाने माखलेलं असतं, चिकट धरत नाही आणि नंतर मला ते सगळं खरवडून काढावं लागतं. आधी तेल ओढून घ्यायचं, मग भेग उघडून आतपर्यंत चिकट पोचवायचं, बाहेरून नुसती रेष राहते. तोवर बंदूक उघडता-मिटताना जोर मुठीवर येऊ देऊ नका, एक हात नळ्यांखाली असू दे, आणि मिटताना झटका देऊन मिटू नका.